राहू दे, लागतं

आमच्या दाजींनी डोंगरात जायचं ठरवलं, की सगळ्यात आधी हॉलमधला सोफा भिंतीला लागतो. मग खाली सतरंजी पडते आणि माळ्यावरून एकेक वस्तू उतरायला लागते. टेन्ट, कॅरीमॅट, स्लीपिंग बॅगा, हेडटॉर्च हे काय, कुणाकडेही असतं. दाजींच्या सतरंजीवर त्यानंतर नायलॉनची दोरी येते, सुतळी येते, ताडपत्री, दाभण, मेण लावलेला दोरा, खुरपं, एम-सील, कुकरची जास्तीची रिंग, सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे, कापूर, सुंठ आणि शेवटी पाणसळ. हो, गवंडी वापरतो तीच. दाजी इरिगेशनमधून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. जन्मभर कालव्यांचे उतार मोजलेल्या माणसाला तंबूखालची जमीन नुसत्या डोळ्यांना सपाट दिसून भागत नाही.

ही मांडामांड आठवडाभर तरी तशीच असते. ताई त्या पसाऱ्यातून पावलं टाकत स्वयंपाकघरात ये-जा करते, कुणी भेटायला आलं तर भिंतीच्या कडेकडेनं सोफ्यापर्यंत पोचतं. आणि “एवढं सगळं कशाला?” असं विचारल्यावाचून आजवर कुणी परत गेलेलं नाही. दाजी मान वर न करता उत्तर देतात, “राहू दे, लागतं.”

सगळ्याची नोंद एका दोनशे पानी फुलस्केप वहीत. रकाने चार: वस्तू, नग, कुठल्या सॅकमध्ये, शेरा. भाच्यानं मध्यंतरी ही यादी मोबाइलवर घालून द्यायचा प्रस्ताव मांडला.

“आणि चार्जिंग संपलं की यादी कुठं बघायची?” दाजींनी विचारलं.

“चार्जर आहे ना यादीत, बाबा.”

“पण यादी मोबाइलमध्ये आहे ना?”

भाचा उठून आत गेला. वही राहिली. तिच्यातला शेऱ्याचा रकाना हे खरं वाचण्यासारखं वाङ्मय आहे. ‘सुतळी: मागच्या वेळी लागली नाही. लागेल.’ ‘छत्री: वाऱ्यापुढे उपयोग नाही. तरी असावी.’ ‘पोरीचा हेअर ड्रायर: नाही.’ वहीच्या मागच्या बाजूनं उलट्या क्रमानं ‘प्रसंग’ सुरू होतात. गाडी बंद पडल्यास. पाऊस आल्यास. माणूस न सापडल्यास. डोकं दुखल्यास. प्रत्येक प्रसंगाला एक पान, आणि पानावर ओव्हरसियरी अक्षरात क्रमवार सूचना.

दाजी मूळचे सातारचे. अजिंक्यतारा घराच्या पायरीवरून दिसायचा, त्यामुळं डोंगर चढणं हा काही वेगळा छंद असतो हे त्यांना नोकरीला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांच्या उमेदीत टेन्ट कुणाकडं होता? गडावरचं देऊळ नाही तर गुहा, अंगाखाली घोंगडी, उशाला चपला. हरिश्चंद्रगडावरच्या गुहेत डिसेंबरच्या थंडीत चौघांनी एका घोंगडीत रात्र कशी काढली, ती गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्यातल्या थंडीचा आकडा दरवर्षी थोडा उतरतो, एवढाच फरक. मग आताच हा दुकानभर संसार कशाला, असं मी त्यांना एकदा विचारलं. दाजी म्हणाले, “तेव्हा काहीच नव्हतं, पाव्हणं. म्हणून तर माहिती झालं, काय काय लागतं ते.”

यावर बोलता येत नाही.

तयार तंबूंचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. पवनेच्या काठी शनिवार-रविवारी ओळीनं रंगीबेरंगी टेन्ट लागतात, शेगड्यांवर पनीर भाजलं जातं आणि स्पीकरवर जे काही वाजत असतं त्यानं समोरचे लोहगड-तुंग-तिकोना हादरत असतील, असं दाजींचं मत. “स्वतः खुंटी मारली नाही तो माणूस कॅम्पिंगला गेला नाही,” ते म्हणतात. “तो कापडाच्या लॉजवर गेला.”

तर, मनाली-लेह रस्त्यानं जायचं ठरलं. विमानानं थेट लेहला उतरायचा विषय भाचीनं काढून बघितला, पण तो तिथंच बारगळला. लेह साडेतीन हजार मीटरवर. खालून उठून दोन तासांत तिथं जाऊन बसणं म्हणजे शरीराला न विचारता निर्णय घेणं, हे एक. आणि दुसरं, गॅसची कॅनिस्टर विमानात नेऊ देत नाहीत. ज्या वाहनात दाजींचा स्टोव्ह बसत नाही, त्यात दाजीही बसत नाहीत. तेव्हा जुनी बोलेरो, आम्ही सहा जण, आणि पुण्याहून मनालीपर्यंतच दोन हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता.

निघायच्या आदल्या रात्री सॅकची तपासणी. दाजींकडं स्प्रिंगचा काटा आहे, पूर्वी रद्दीवाले वापरायचे तसला. दाराच्या कडीला तो अडकवून प्रत्येकाची सॅक टांगली जाते. त्याआधी ती पुन्हा भरली जाते, कारण आपण भरलेली सॅक कधीच बरोबर नसते. स्लीपिंग बॅग तळाला, जड सामान मधोमध आणि पाठीला चिकटून, रेनकोट सगळ्यात वर. “जड सामान तळाला गेलं तर सॅक मागं ओढते, वर गेलं तर झोकांड्या देते,” हे वाक्य म्हणत ते माझ्या बायकोचे कपडे तिच्यादेखत उपसत होते आणि ती माझ्याकडं बघत होती. मी काट्याकडं बघत होतो. आमच्या सगळ्यांच्या सॅक बारा किलोच्या आत बसवल्या गेल्या. काढलेलं सामान दाजींच्या सॅकमध्ये गेलं. त्यांची सॅक काट्याला लावायची टूम भाच्यानं काढली तेव्हा दाजी म्हणाले, काटा वीस किलोपर्यंतच आहे, उगीच तुटेल.

राजस्थानच्या उन्हातल्या आणि पंजाबातल्या ट्रकांमधल्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दाजींच्या शिट्टीबद्दल मात्र लिहायला हवं. पंचांच्या गळ्यात असते तसली काळी शिट्टी. एकदा वाजली की सगळे गाडीपाशी जमा. दोनदा वाजली की चहा. “आपल्याला घाई नाही,” हे दाजींचं प्रवासातलं लाडकं वाक्य, आणि ते पुरतं कधीच नसतं. “आपल्याला घाई नाही, पाच मिनिटांत निघायचंय.” एका ढाब्यावर त्यांनी दोनदा शिट्टी वाजवली तर शेजारच्या बसमधले सगळे प्रवासी धावत जाऊन आपल्या जागांवर बसले.

मनाली २,०५० मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे मॉल रोडवर भुट्टा खात उभा असलेला मनुष्य महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर वर असतो, आणि त्यासाठी त्यानं काहीही केलेलं नसतं. हे दाजींच्या मनाला फार लागलं. अंग उंचीला सरावलं पाहिजे, असा मुद्दा काढून त्यांनी गाडी मनालीतच ठेवायला लावली आणि आम्हाला सॅक पाठीला लावून ब्यास कुंडाच्या वाटेला नेलं. ढुंडीपासून पुढं पायवाट. ब्यास नदी जिथून निघते तिथपर्यंत जाणारी. मधल्या बकरथाचच्या कुरणात मुक्काम.

आणि या कुरणात दाजींच्या आयुष्यातली मोठी घटना घडली.

उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ आपले कळप घेऊन वरच्या कुरणांना येतात. एक म्हातारा गद्दी मोठ्या दगडाला टेकून बसला होता. शे-दोनशे मेंढ्या-शेळ्या आसपास पसरलेल्या, दोन केसाळ कुत्री, आणि त्याचा स्वतःचा सगळा संसार म्हणजे एक घोंगडं आणि पिठाची एक पिशवी. कमरेला लोकरीचा काळा दोर वेढ्यावर वेढे देऊन गुंडाळलेला. याला ते डोरा म्हणतात. दाजींची नजर आधी दोरावर गेली.

“ये रस्सी कितना मीटर है?” दाजींचं हिंदी पुणे सोडलं की जास्त आत्मविश्वासानं येतं. म्हातारा नुसताच हसला. “हमारे पास भी है,” दाजी म्हणाले आणि सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून नायलॉनची दोरी काढून दाखवली. म्हाताऱ्यानं ती दोन बोटांत धरून पिळून बघितली, परत दिली, आणि काही बोलला नाही. लोकरीपुढं नायलॉनचं काय मूल्यमापन झालं ते सगळ्यांना कळलं.

मग त्यानं पाय पुढं केला. उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला होता आणि चालताना जबडा उघडल्यासारखा व्हायचा. “सुई होगी, साब?”

मी दाजींकडं बघितलं. माणसाला बक्षीस जाहीर होतं तेव्हा सुद्धा असा चेहरा होत नाही. सुई? त्यांनी सॅक खाली ठेवली, वरचं झाकण उघडलं, आतल्या कप्प्यातली प्लास्टिकची डबी काढली, डबीतून कापडाची गुंडाळी, आणि गुंडाळीतून दाभण. ते सावकाश चाललं होतं. इतक्या वर्षांच्या वाट बघण्यानंतर घाई करायची नव्हती. मेणाचा दोरा दातानं तोडला. खाली मांडी घालून बूट मांडीवर घेतला आणि टाके घालायला सुरुवात केली. दाभण तळव्यातून पार होईना तेव्हा दगडावर टेकवून दाबलं. म्हातारा बिडी ओढत बघत राहिला. एक टाका वाकडा गेला तर त्यानं बोटानं दाखवला. दाजींनी तो उसवून पुन्हा घातला. अर्धा तास दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. शेवटी म्हाताऱ्यानं बूट पायात घातला, चार पावलं टाकली, दगडावर लाथ मारून बघितली आणि मान हलवली.

बदल्यात त्यानं शेळीचं दूध दिलं, त्याचा चहा झाला. रात्री तंबूत टॉर्च लावून दाजींनी वही उघडली. ‘दाभण: लागलं.’ खाली दोन रेघा.

“आता हे मला मरेपर्यंत ऐकायचंय,” ताई माझ्या बायकोला म्हणाली. पण हळूच म्हणाली.

मनालीहून पुढं निघाल्यावर अटल बोगदा येतो. ९ किलोमीटर लांब. २०२० च्या ऑक्टोबरात खुला झाला आणि रोहतांगची चढण वाचली. बोगद्यात दाजींनी काच वर केली आणि पलीकडं उजेड येईपर्यंत तोंड उघडलं नाही. डोंगराच्या पोटातून जायचं हा त्यांना पाहुण्याच्या घरी मागच्या दारानं शिरण्याचा प्रकार वाटत होता. लाहौलच्या बाजूला बाहेर पडल्यावर मात्र त्यांना पुन्हा वाचा फुटली, कारण पाट्या सुरू झाल्या. सीमा सडक संघटनेवाले या रस्त्यांवर वेगाबद्दल आणि दारूबद्दल यमकं जुळवलेल्या इंग्रजी पाट्या लावतात. दाजी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचतात. “अहो, त्या ड्रायव्हरसाठी आहेत,” ताई म्हणाली. दाजीच गाडी चालवत होते.

तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि पुढं तिला चंद्रभागा म्हणतात. ताईनं गाडी थांबवायला लावली, पदर सारखा केला, हात जोडले. ही पुढं चिनाब होऊन पाकिस्तानात जाते आणि पंढरपूरची ती भीमा, असं दाजींनी समजावून सांगितलं. ताई डोळे मिटूनच म्हणाली, “मला ठाऊक आहे. तुम्ही पेट्रोल बघा.” त्याचं कारण असं की तांदीच्या पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं आहे. असली पाटी दिसावी म्हणून तर दाजी दोन हजार किलोमीटर आले होते. टाकी भरली, दोन कॅन भरले, कॅनची झाकणं ट्यूबच्या तुकड्यांनी आवळली. वहीत शेरा पडला.

जिस्पाला भागा नदीच्या काठाला तंबू लावायचे होते. इथं दाजींचं अनुष्ठान सविस्तर बघायला मिळतं. आधी जागेला फेरी. सुक्या ओढ्याच्या पात्रात टेन्ट नाही. सकाळी कोरडा दिसलेला नाला दुपारी वरचं बर्फ वितळलं की वाहायला लागतो. नदीच्या कडेला चिकटून नाही. वरून दगड सुटू शकेल अशा उतारासमोर नाही. या सगळ्यातून जी जागा उरते तिच्यावर पाणसळ बसते. बुडबुडा मधे येईना म्हणून टेन्ट तीनदा हलवला गेला. “डोकं चढाच्या बाजूला, पाय उताराला. नाही तर सकाळी रक्त डोक्यात.” मग खुंट्या. खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली हवी. सरळ मारली की वाऱ्यानं उपसते. भाच्यानं सरळ मारलेल्या खुंट्या दाजी काही न बोलता उपटत गेले आणि परत मारत गेले. सूर्य गेल्यावर खुरप्याचं मार्गदर्शन झालं: पाण्यापासून दोनशे फूट लांब, सहा इंच खड्डा, नंतर माती लोटायची. हे त्यांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना जमवून, नदीच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं. शेजारच्या टेन्टमधल्या लोकांनीही ऐकलं.

शेजारी कोल्हापूरची चार पोरं होती, मोटारसायकलींवर आलेली. ती उघड्या पातेल्यात भात शिजवत होती. सव्वातीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशाच्या आतच उकळायला लागतं. वाफा दिसतात, बुडबुडे दिसतात, तांदूळ मात्र तांदूळच राहतो. डाळीचं तर नावच नको. तास झाला तरी शितं टणक, म्हणून त्यांच्यातला एक जण कुकर मागायला आला. आमच्या दाजींची वस्तू मागणाऱ्यानं एक ध्यानात ठेवावं, की वस्तू एकटी येत नाही. दाजी कुकर घेऊन गेले, खिचडी त्यांनीच टाकली, भाजून आणलेलं डाळ-तांदळाचं मिश्रण आपल्या डब्यातलं घातलं, पोरांच्या मोटारसायकलींच्या चेन बघितल्या, एकाच्या सॅकमधलं सामान काढून परत भरलं, आणि साडेनऊला जेवून परत आले. त्यांच्याबरोबर मेतकुटाचा डबा गेला होता. तो उंचीमुळं टम्म होऊन उघडताना ‘फट्’ वाजतो, याचं प्रात्यक्षिकही दाखवून झालं.

जिस्पाला दाजींनी मुद्दाम दोन रात्री काढल्या. पुढं बारालाचा, सुमारे १६,००० फूट, आणि तो उतरून सरचूची उघडी पठारी जागा. सरचू बदनाम आहे. मुक्काम सव्वाचार हजार मीटरच्या वर, आणि तिथं त्रास झाला तर खाली पळायलाही कुठल्या तरी बाजूची खिंड आधी चढावी लागते. हे सगळं आम्हाला दाजींनीच शिकवलेलं.

दुपारी सरचूला पोचलो. वारा असा की बोलायचं तर एकमेकांकडं तोंड करून ओरडावं लागत होतं. तंबू पसरला, आणि दाजी म्हणाले, “राहू दे पाणसळ. सपाटच आहे.”

ताईचा हात थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं ऐकलं नव्हतं.

“डोकं दुखतंय ना?”

“छे. चष्म्याचा नंबर बदललाय.”

भाचीनं काही न विचारता वही काढली, उलटी केली, ‘डोकं दुखल्यास (उंचीवर)’ हे पान उघडलं आणि ताईच्या हातात दिलं. ताईनं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

“एक. रुग्ण नेहमी सांगतो, काही नाही. विश्वास ठेवू नये.”

“अगं, ते मी तुमच्यासाठी लिहिलंय.”

“यात नाव लिहिलेलं नाही. दोन. रुग्णाला बसवावे, थोडे थोडे पाणी द्यावे, काम करू देऊ नये. तीन. दुखणे उतरेपर्यंत आणखी वर नेऊ नये. चार. रुग्णाशी वाद घालू नये. रुग्णाचे ऐकूही नये.”

दाजी बसले. पाचव्या कलमात रुग्णाला सरळ रेषेत, टाचेला बोट लावून चालायला लावावं, तोल जात असेल तर गोष्ट गंभीर, अशी सूचना होती. वाऱ्यात रेषा आखायची कशी? भाच्यानं नायलॉनची दोरी काढली आणि जमिनीवर सोडली. दाजी उठले, दोरीच्या टोकाशी उभे राहिले, खाली बघितलं आणि म्हणाले, “मधे झोळ पडलाय. आधी ताणून धरा.”

तिथंच आमचा निम्मा जीव भांड्यात पडला. दोरी ताणली गेली. दाजी टाचेला बोट लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि वळून परतही आले. कुणी सांगितलं नव्हतं, पण मोजमाप दोन्ही बाजूंनी करायचं असतं.

तंबू काही त्या दिवशी लागला नाही. ताईनं जवळच्या तयार कॅम्पमध्ये जाऊन सगळ्यांच्या खाटा ठरवल्या. खाट, दोन दोन रजया, आणि बादलीभर गरम पाणी. दाजी रजईत शिरताना एकदाच म्हणाले, “कापडाचा लॉज.” ताईनं वहीतलं चौथं कलम बोटानं दाखवलं. रात्रभर ती अधूनमधून उठून त्यांना पाणी पाजत होती आणि आज तारीख काय, असं विचारत होती, कारण तेही पानावर होतं. दाजी तारीख सांगायचे, वार सांगायचे, आणि तिथीही सांगायचे. पहाटे दुखणं उतरलं. सकाळी चहाच्या वेळी ते कुठं दिसेनात, तेव्हा मी बाहेर आलो. दाजी त्या तयार तंबूच्या मागं उकिडवे बसून खुंट्या हलवून बघत होते.

“चांगल्या मारल्यात, पाव्हणं,” ते म्हणाले. “कल बरोबर आहे.”

पुढं गाटा लूप्स. एकामागोमाग २१ वळणं घेत रस्ता डोंगराच्या अंगावर चढतो. इथं कुठल्याशा वळणावर एक छोटंसं ठिकाण आहे. बंद पडलेल्या ट्रकपाशी थांबलेला एक क्लीनर थंडीत आणि तहानेनं गेला, तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं पाणी मागतो, असं ड्रायव्हर लोक सांगतात. म्हणून तिथं जो तो पाण्याची बाटली ठेवतो. बाटल्यांचा ढीग पडला आहे, सिगारेटीही आहेत. आता इथं दाजींची पंचाईत झाली. मृताला पाणी दिलंच पाहिजे. आणि डोंगरात प्लास्टिक टाकायचं नाही म्हणजे नाही. गाडीच्या मागं लटकणाऱ्या कचऱ्याच्या पोत्यात आमची तर सोडाच, दुसऱ्यांनी टाकलेली वेष्टनंही ते थांबून थांबून भरत आले होते. थोडा वेळ ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग स्टीलची बाटली काढली, दगडावर पाणी ओतलं, शेजारी गुळाचा खडा ठेवला, नमस्कार केला आणि रिकामी बाटली घेऊन गाडीत बसले. “एकटा माणूस गाडीपाशी ठेवायचा नसतो,” एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी पांगच्या ढाब्यात, पॅराशूटच्या कापडाखाली राजमा-चावल खाताना त्यांनी वहीत नवा प्रसंग घातला: ‘मदत आणायला जावे लागल्यास.’

टांगलांग ला, लेह, पुढचं सगळं तुम्ही फोटोत बघितलेलंच असतं. आमच्याही फोटोत तेच आहे, फक्त प्रत्येक फोटोच्या कडेला दाजींचं कोपर किंवा दोरीचं टोक. लडाखात ‘जुले’ म्हणतात, हे त्यांना इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर अंबाल्याच्या टोलनाक्यालाही त्यांनी जुले केलं. आमच्या सोसायटीचा वॉचमन आता त्यांना आपणहोऊन जुले करतो. त्याला वाटतं, दाजींच्या गावाकडं असंच म्हणतात.

परवा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आला होता. कॉलेजचे पाच जण हरिश्चंद्रगडाला, कोकणकड्यावर एक रात्र काढायला निघाले होते. टेन्ट मिळेल का काका, असं विचारत होता. मी तिथंच बसलो होतो, त्याला खुणेनं सांगायचा प्रयत्न केला. पण दाजींनी तोवर सोफ्याला हात घातला होता.

“कितीजण आहात?”

“पाच. पण काका, फक्त टेन्ट हवा होता. गाडीत जागा तशी...”

“कॅरियर आहे ना वर?”

शनिवारी पहाटे चारला खाली दारं आपटल्याचे आवाज आले म्हणून गॅलरीत गेलो. पुढच्या सीटवर दाजी होते. मागं पाचवा मुलगा चौघांच्या मांड्यांवर आडवा, आणि त्याच्या पोटावर कुकर. शेजारच्या गॅलरीत ताई शाल पांघरून उभी होती.

“अहो, त्या पोरांना पण जरा बोलू द्या!” ती वरून ओरडली.

गाडी गेटबाहेर पडली, कोपऱ्यावर वळली, आणि टपरीच्या बाजूनं दोनदा शिट्टी ऐकू आली.